पापड, फूटपट्टी आणि प्रकाशाचा वेग: घरच्या घरी मोजायचा कसा

भाची नववीत आहे. सुट्टीत नागपूरला आली की तिचे प्रश्न स्वयंपाकघरात सुरू होतात आणि गच्चीवर संपतात. या मे महिन्यात तिनं विचारलं, "काका, एवढ्या जोरात पळते प्रकाश, मग त्याला मोजलं कोणी? आणि कायनं?"

आकडा तिला पाठ होता. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, म्हणजे ढोबळमानानं तीन लाख किलोमीटर. पण 'कायनं' हाच खरा प्रश्न आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तेवढं अंतर प्रकाश सेकंदाच्या हजार भागांपैकी सव्वादोन-अडीच भागांत कापतो. पापणी लवायला याच्या चाळीस-पन्नास पट वेळ लागतो. कंपासपेटीतल्या फुटाच्या पट्टीचं एक टोक ते दुसरं टोक हा प्रवास एका नॅनोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा. अंतर मोजायला टेप मिळतो, पट्टी मिळते. अडतं ते घड्याळापाशी. म्हणून पुढचं सगळं वाचताना एकच गोष्ट बघत राहा: या माणसानं घड्याळ कुठून आणलं?

गॅलिलिओकडे ते नव्हतं. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्यानं सुचवलेला प्रयोग असा: दोन माणसं, दोन झाकलेले कंदील. एकानं झाकण काढायचं, तो उजेड दिसताच दुसऱ्यानं आपलं काढायचं, आणि मधला वेळ मोजायचा. आपल्याकडे हा करायचा तर एक जण सेमिनरी हिल्सवर आणि दुसरा सीताबर्डीच्या टेकडीवर. अंतर पाच किलोमीटर धरलं तर उजेडाला जाऊन यायला सेकंदाचे ३३ दशलक्षांश भाग म्हणजे ३३ मायक्रोसेकंद लागतील. उजेड दिसल्यापासून हात हलेपर्यंत आपल्याला लागतो सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे सहा हजार पट. मोजला जाईल तो आपला हात. गॅलिलिओनंही प्रामाणिकपणे एवढंच म्हटलं की वेग अनंत नसलाच तर तो विलक्षण मोठा आहे.

मायक्रोवेव्हमधलं घड्याळ

घरात असं यंत्र आहे जे सेकंदाला २ अब्ज ४५ कोटी वेळा टिकटिकतं. मायक्रोवेव्ह. त्याच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत '२४५० मेगाहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. आतला मॅग्नेट्रॉन नावाचा भाग तेवढ्या वारंवारतेच्या लहरी सोडतो. मायक्रोवेव्ह आणि दिव्याचा उजेड यांची जात एकच, विद्युतचुंबकीय. फरक फक्त लांबीचा. पोकळीत दोघांचा वेग सारखाच, आणि हवेतला फरक आपल्या पट्टीला कळणार नाही इतका कमी.

एका लहरीची लांबी कळली आणि सेकंदाला किती लहरी निघतात तेही माहीत असलं, तर दोघांचा गुणाकार म्हणजे वेग. लांबी कळते कशी? कपडे वाळत घालायची दोरी दोन्ही टोकांना बांधा आणि नेमक्या तालात हलवा. काही ठिकाणी ती फुगते, काही ठिकाणी जागच्या जागी उभी राहते. ओव्हनच्या धातूच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींचंही तसंच होतं. फुगवटा असतो तिथे पदार्थ तापतो, मध्ये थंड राहतो. एका पूर्ण लहरीत दोन फुगवटे येतात, म्हणून शेजारच्या दोन तापट ठिपक्यांमधलं अंतर अर्ध्या लहरीएवढं. ओव्हनमधलं ताट गरगर फिरतं ते हे ठिपके पुसले जावेत म्हणूनच.

हा प्रयोग सहसा चॉकलेटवर करतात. नागपुरात मे महिन्यात ते जमत नाही, चॉकलेट ओव्हनबाहेरच वितळतं, आणि फ्रिजमधून काढलेल्यावर पाणी सुटतं. उडदाचे पापड घ्या. भाजलेला भाग पांढरा होऊन फुगतो, कच्चा पिवळसर राहतो, आणि ही सीमा चॉकलेटपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते.

आधी काचेचं फिरतं ताट बाहेर काढा आणि त्याखालची चाकांची रिंगही. तळाच्या मध्यभागी एक खुंटी उरेल. ओव्हन चालू झालं की ती फिरणारच. तिच्यावर काचेचा किंवा चिनी मातीचा बाऊल पालथा घाला, असा की खुंटी आत मोकळी फिरेल आणि बाऊलला लागणार नाही. त्यावर सपाट, धातूची नक्षी नसलेली मोठी प्लेट ठेवा. इथे माझी पहिली फेरी वाया गेली. मी बाऊल ठेवलाच नव्हता, प्लेट सरळ खुंटीवर टेकवली. ती आपली मजेत फिरत राहिली आणि पापड सगळीकडून एकसारखे भाजून निघाले. बायको म्हणाली, "हेच करायचं होतं तर ताट कशाला काढून ठेवलं तुम्ही?"

काही ओव्हनला फिरतं ताट नसतं, आत सपाट तळ असतो. त्यात लहरी ढवळायला धातूचं पातं फिरत असतं. अशा ओव्हनवर हा प्रयोग होत नाही, शेजाऱ्यांचं मागून आणा.

पापड प्लेटवर एकमेकांना चिकटून, पण एकावर एक न चढवता मांडा. आमच्या प्लेटवर एक अख्खा आणि भोवती तुकडे बसले. उन्हाळ्यात पापड कडकडीत कोरडे झालेले असतात. ओल्या हाताचं बोट वरून पुसटसं फिरवा, पाणी थोडं असलं की लहरींना तापवायला काहीतरी मिळतं. दार लावा, पूर्ण पॉवर ठेवा. कमी पॉवरवर बरेच ओव्हन चालू-बंद होत राहतात. दहा सेकंद चालवा, दार उघडून बघा, मग पाच-पाच सेकंदांनी पुढे जा. पहिले पांढरे ठिपके उमटले की थांबा. आणखी पाच सेकंद जास्त झाले की ठिपके पसरून एकमेकांना मिळतात आणि मोजायला काही उरत नाही. "काका, तो कोपरा जळून राहिला ना!" असा आवाज आला म्हणजे तुम्ही आधीच उशीर केला आहे. आत पदार्थ थोडाच असतो, तेव्हा ओव्हन उगाच लांब चालवू नका, रिकामं तर नाहीच, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला थंड होऊ द्या. फॉइल, स्टीलची वाटी, चमचा यातलं काही आत जाता कामा नये.

आता प्लेट बाहेर काढा. पापडावर रुपयाच्या नाण्याएवढे पांढरे फुगे दिसतील, कडा जरा वेड्यावाकड्या, मध्ये कच्चा पिवळा पट्टा. शेजारच्या दोन फुग्यांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. कडेपासून मोजलं की फुग्याचा आकार अंतरात घुसतो. जमतील तितक्या जोड्या मोजा, आणि हिशेब सुरू करण्याआधी सगळे आकडे वहीत लिहून टाका. हे मी मुद्दाम सांगतोय. भाचीला उत्तर आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ६.६ आल्याबरोबर ती म्हणाली, "हे जास्त येऊन राहिलं, हे काढून टाकू?" नाही काढायचं.

आमचे आकडे असे आले: ६.३, ५.९, ६.६, ६.० आणि ६.४ सेंटीमीटर. सरासरी ६.२४. दुप्पट केली की पूर्ण लहर १२.४८ सेंटीमीटर, म्हणजे ०.१२४८ मीटर. याला २,४५,००,००,००० नं गुणलं की येतात सेकंदाला ३०,५७,६०,००० मीटर. खऱ्या आकड्यापेक्षा साधारण दोन टक्के जास्त.

तुमचं उत्तर दहा टक्क्यांनी चुकलं तरी खट्टू होऊ नका, चुकण्याला कारण आहे. ओव्हन म्हणजे एका दिशेची दोरी नाही, खोका आहे. लहरी लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना आपटतात, त्यामुळे एकाच दिशेनं पाहिलं तर ठिपक्यांमधलं अंतर अर्ध्या लहरीहून थोडं जास्तच भरू शकतं. आमचा आकडा वर गेला तो बहुधा याचमुळे. बाऊल बदलून प्लेट उंच-खाली केली की नक्षीही बदलते. तीन उंचींवर प्रयोग करून सगळ्यांची सरासरी घेणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

एक गोष्ट कबूल करायला हवी. यात घड्याळ आपलं नाही. २४५० हा आकडा आपण ओव्हनच्या मागच्या पट्टीवरून वाचला, तो दुसऱ्या कोणीतरी मोजलेला आहे. आपण मोजली फक्त लांबी. भाचीच्या लक्षात हे लगेच आलं: "म्हणजे अर्धी कॉपी केली आपण." म्हणून तिला फिझो सांगावा लागला.

दातेरी चाक

१८४९ साली फ्रान्समध्ये इप्पोलीत फिझोनं पृथ्वीवरच्या पृथ्वीवर प्रकाशाचा वेग पहिल्यांदा नीट मोजला. त्याचं घड्याळ म्हणजे ७२० दात असलेलं चाक. दोन दातांच्या फटीतून उजेडाची तिरीप जाते, ८,६३३ मीटर दूर ठेवलेल्या आरशावर आपटते आणि त्याच फटीकडे परत येते. अंतर किती? सीताबर्डीहून विमानतळापर्यंत जेवढं, साधारण तेवढं. चाक हळू फिरत असेल तर उजेड परत येईस्तोवर फट तिथेच असते आणि डोळ्याला तो दिसतो. वेग वाढवत नेला की एक क्षण असा येतो की उजेड परतेपर्यंत फटीच्या जागी शेजारचा दात आलेला असतो. उजेड गायब. फिझोचं चाक सेकंदाला १२.६ फेऱ्या करत होतं तेव्हा हे घडलं.

हिशेब स्वतः करून बघा, पाचवी-सहावीचा आहे. ७२० दात आणि ७२० फटी, म्हणजे फटीच्या जागी दात यायला फेरीचा १,४४०वा भाग लागतो. सेकंदाला १२.६ फेऱ्या, म्हणून हा वेळ सेकंदाचा १८,१४४वा भाग. तेवढ्यात उजेड गेला आणि आला, एकूण १७,२६६ मीटर. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३१ कोटी ३३ लाख मीटर. साडेचार टक्के जास्त. आमच्या पापडाचं उत्तर याहून जवळचं निघालं म्हणून भाची दिवसभर मिरवत होती, पण फिझोनं ओव्हनच्या पट्टीसारखं कुठून काही वाचलं नव्हतं. सगळं घड्याळ त्यानं चाकातून काढलं.

गच्चीवरून: गुरूचा चंद्र

स्वतःच्या घड्याळानं मोजायचं असेल तर एक जुनी रीत अजून शिल्लक आहे. तिला धीर लागतो, पैसा फारसा नाही. ७०-८० मिलिमीटरची साधी दुर्बीण पुरते, आणि शहराच्या दिव्यांचा गुरूला काही त्रास होत नाही.

आयो हा गुरूचा चंद्र दर ४२ तास २८ मिनिटं ३६ सेकंदांनी गुरूच्या सावलीत शिरतो. आकाशात टांगलेलं घड्याळच ते. १६७६ साली पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमरच्या ध्यानात आलं की पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना हे घड्याळ मागे पडतं आणि जवळ जात असताना पुढे धावतं. त्याचा अर्थ त्यानं लावला: घड्याळ बिघडलेलं नाही, बातमी पोचायला वेळ लागतोय. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला उजेडाला २२ मिनिटं लागतात असं त्यानं काढलं. खरा आकडा १६ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास. त्यावरून वेगाचा हिशेब हायगेन्सनं मांडला.

आपण करायचं ते असं. पुढची प्रतियुती, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर समोर येण्याची वेळ, फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तिच्याआधी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे, आयो सावलीत शिरताना दिसेल असं एक ग्रहण निवडा. तो पूर्ण दिसेनासा झाला तो क्षण फोनच्या घड्याळावर सेकंदासकट टिपा. आयो विझायला काही मिनिटं घेतो, त्यामुळे 'शेवटचा ठिपका गेला' हाच क्षण दर वेळी पकडा. मग बरोबर ३९ फेऱ्यांनंतरचं ग्रहण बघा. ३९ का? ३९ फेऱ्या म्हणजे ६९ दिवस आणि साधारण ३५ मिनिटं, त्यामुळे दुसरं ग्रहणही जवळपास त्याच वेळी येतं. ३४ घेतल्या असत्या तर ते चार तास पुढे सरकून सूर्य उगवल्यावर आलं असतं.

प्रतियुतीनंतर आयो सावलीत शिरताना दिसत नाही, बाहेर येताना दिसतो. तेव्हा मार्चअखेर संध्याकाळी 'पहिला ठिपका आला' ही वेळ टिपा आणि पुन्हा ३९ फेऱ्यांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुसरी. हे वेळापत्रक मुद्दाम असं आखलंय. त्यानंतर मृगाचे ढग आले की सप्टेंबरपर्यंत दुर्बीण पेटीतच राहते.

तुमच्याकडे आता दोन कालावधी आहेत, दोन्ही ३९ फेऱ्यांचेच. दुसरा पहिल्यापेक्षा साधारण १७ मिनिटांनी मोठा निघायला हवा. तारांगण दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमधून चारही रात्रींची पृथ्वी-गुरू अंतरं घ्या. पहिल्या जोडीत अंतर जितकं घटलं आणि दुसरीत जितकं वाढलं त्यांची बेरीज करा. ती सुमारे ३१ कोटी किलोमीटर भरेल. बेरजेला कालावधींच्या फरकानं भागा, की वेग मिळाला. दोन्ही बाजूंची तुलना करण्याचा एक फायदा आहे. गुरूची कक्षा पूर्ण गोल नाही, त्यामुळे एकाच बाजूचं निरीक्षण सरासरी वेळेशी ताडलं तर काही मिनिटांची चूक घुसते. दोन्हीकडे ती जवळजवळ सारखी असल्यानं वजाबाकीत उडून जाते.

ॲपमध्ये ग्रहणाच्या वेळाही दिलेल्या असतात. त्या फक्त गच्चीवर किती वाजता जायचं हे कळण्यापुरत्या वापरा. त्यांत प्रकाशाचा वेळ आधीच धरलेला असतो. त्या हिशेबात घेतल्या तर पुन्हा कॉपी.

इथे कोणीतरी सायणाचार्यांचा दाखला देतंच: चौदाव्या शतकातलं ऋग्वेदभाष्य, अर्ध्या निमिषात २,२०२ योजनं. वाक्य भाष्यात आहे. पण योजन किती मैलांचं आणि निमिष किती सेकंदांचं हे धरण्यावर उत्तर हवं तसं हलतं, आणि मोजलं कसं हे तिथे सांगितलेलं नाही. मला ते सुंदर वाक्य वाटतं, मोजमाप वाटत नाही.

बाकीचे

जेम्स ब्रॅडलीची गंमत दुचाकीवरून पावसात जाणाऱ्याला पटकन कळेल. पाऊस सरळ पडत असला तरी तो समोरून तोंडावर येतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं धावते म्हणून ताऱ्याचा उजेडही तसाच किंचित तिरपा येतो. ब्रॅडलीनं १७२८च्या सुमारास हा तिरपेपणा पकडला, सुमारे २०.५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). त्यावरून उजेड पृथ्वीच्या दहा हजार पट वेगानं जातो हे निघतं.

फूकोनं १८६२ मध्ये फिरता आरसा वापरून सेकंदाला २,९८,००० किलोमीटर मिळवले. मायकेलसननं तीच रीत आयुष्यभर घासली. १९२६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन डोंगरांमध्ये, ३५ किलोमीटरवर आरसे ठेवून, त्याचं उत्तर आलं २,९९,७९६. मग लुई एसेननं धातूच्या डब्यात सूक्ष्मलहरी कोंडून १९५० मध्ये २,९९,७९२.५ काढलं. म्हणजे आपला पापडाचाच प्रयोग, फक्त डबा नेमका घडवलेला आणि वारंवारता स्वतः मोजलेली.

इंटरनेटच्या पिंगवरूनही, म्हणजे छोटा संदेश दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळावरूनही, वेग काढता येतो असं सांगतात. करून बघायला हरकत नाही, पण काचेच्या तारेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरनंच जातो. ७०१ किलोमीटर जाऊन यायला तिथे ७ मिलिसेकंद पुरतात. फोनवर दिसतो तो आकडा याच्या कितीतरी पट असतो, कारण बाकीचा वेळ मधल्या यंत्रांत आणि वळशांत जातो. उजेड यापेक्षा हळू नाही, एवढंच त्यातून कळतं.

१९७२ मध्ये लेझरनं मोजमाप इतकं नेमकं झालं की अडचण उलटी फिरली. उरलेली चूक वेगाची नव्हती, मीटरचीच व्याख्या तेवढी धारदार नव्हती. म्हणून १९८३ मध्ये वेग २९,९७,९२,४५८ असा कायमचा ठरवून टाकला आणि मीटर त्यावरून काढला: प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढा जातो तेवढा एक मीटर. घड्याळ शोधता शोधता शेवटी पट्टीच घड्याळातून निघाली.

हे सांगितल्यावर भाची जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपण प्रकाश नाही, माझी पट्टी मोजली?" उठून तिनं आपली प्लॅस्टिकची पट्टी माझ्या टेबलावरच्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. तीस सेंटीमीटरच्या खुणेशी एक मिलिमीटरचा फरक होता. आमच्या दोन टक्क्यांतले ०.३ टक्के तिथे बसले होते.